बिस्किट देताय? एक मिनिट!

शुक्रवारी संध्याकाळी कॉम्प्युटर बंद, शनिवारी पहाटे गाडी हायवेवर! महाबळेश्वर करायचं, केळघर घाटाने मेढ्यात उतरायचं आणि तिथून कास गाठायचं. वाटेत चहाला थांबलं की शेपूट हलवत एक कुत्रा हजर. आपण लगेच बिस्किटांचा पुडा फोडतो, फोटो काढतो. क्यूट ना?

क्यूटच. पण आपण निघून गेल्यावर हा गडी कुठे जातो? वर कासचं पठार आहे, २०१२ पासून जागतिक वारसा. पलीकडे कोयना अभयारण्य, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. भेकरं, ससे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी यांचं हे घर. तिथे आपला मोत्या घुसखोर ठरतो.

परके प्राणी म्हटलं की न्यूझीलंड आठवतं. फरसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेल्या पोसमने तिथली जंगलं ओरबाडली. आपल्याकडे अंदमानात ब्रिटिशांनी चितळं सोडली. सह्याद्रीत मात्र हा पाहुणा आपल्याच दारातून गेलाय. कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली देशभरातली पाहणी सांगते. त्यातल्या ३१ जाती आधीच धोक्यात आहेत. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर आहेतच. सह्याद्रीतला कोळसून, म्हणजे रानकुत्रा, त्याच कुळातला. रोग त्यालाही गाठतात.

मग उपाय? नसबंदी आणि लस हवीच. पण नियमानुसार नसबंदी झालेला कुत्रा साधारणपणे पुन्हा त्याच जागी सोडतात. पिल्लं थांबतात, पण त्याची शिकार थांबत नाही.

खरी गोम खाण्यात आहे. जंगलात शिकार घटली की बिबटे घटतात. कुत्रे घटत नाहीत, कारण त्यांचं पोट आपल्या उष्ट्यावर भरतं. म्हणजे त्यांची संख्या जंगल नाही, आपण ठरवतो!

तेव्हा पुढच्या ट्रिपला एवढंच करा. उरलेलं खाणं पिशवीत बांधून परत आणा. नकोसा झालेला पाळीव कुत्रा घाटात सोडायचा विचारही नको. आणि कुत्र्यांवर जीव असेल, तर आपल्या गल्लीतल्या मोत्याची नसबंदी करा, त्याला लस द्या. बिस्किटाचा पुडाही तिथेच फोडा.