दुसरा मंगळवार

लक्ष्मीपूजनास चोपडीवर हळदकुंकू वाहणाऱ्या व्यापाऱ्याची कीर्द-खतावणी आता बव्हंशी संगणकात असते. म्हणून भोकरदन तालुक्यातील हसनाबादेस जाणे झाले, की तेथील आडतीवर वा खत-बियाण्यांच्या दुकानी बसून, 'या संगणकातल्या प्रणालीची मुदत केव्हापर्यंत?' हा प्रश्न मी अगत्याने विचारतो. यंत्राची किंमत आणि खरेदीचे साल यांचे उत्तर तत्काळ मिळते, मुदतीचे क्वचितच.

सॉफ्टवेअर विकणारी कंपनी आपला माल आमरण सांभाळीत नाही. मायक्रोसॉफ्टची जुनी वहिवाट अशी, की पहिली पाच वर्षे सुधारणा व दुरुस्ती दोन्ही, पुढील पाच वर्षे मुख्यत्वे सुरक्षेची दुरुस्ती, आणि तदनंतर हात वर.

माझ्या विशेष कुतूहलाचा विषय मात्र महिन्याचा दुसरा मंगळवार हा आहे. ऑक्टोबर 2003 पासून ही कंपनी आपल्या दुरुस्त्या नियमाने या दिवशी प्रसिद्ध करते, आणि मुदतीची अखेरही बहुधा याच दिवशी येते: विंडोज एक्सपीची 8 एप्रिल 2014, विंडोज 7 ची 14 जानेवारी 2020, विंडोज 10 ची 14 ऑक्टोबर 2025. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही, आणि धोक्याचे मूळ नेमके येथेच आहे. कारण नव्या आवृत्तीसाठी निघालेली प्रत्येक दुरुस्ती जुन्या आवृत्तीतील त्याच छिद्राचा पत्ता चोरांना सांगून जाते. 2017 च्या मार्चमधील दुसऱ्या मंगळवारी, 14 तारखेस, एका गंभीर दोषावर दुरुस्ती निघाली. 12 मे रोजी त्याच दोषातून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. त्यात बळी पडलेल्यांपैकी बहुतेक संगणक मुदतीतील विंडोज 7 चेच होते, फक्त दुरुस्ती बसविलेली नव्हती! मुदतबाह्य एक्सपीलाही कंपनीने तेव्हा अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. पण अशा दयेच्या भरवशावर कोणी पेढी चालवू नये. आपल्याकडील एटीएम यंत्रे मुदतीतील प्रणालीवर आणावीत, असा हुकूम रिझर्व्ह बँकेने जून 2018 मध्ये काढला आणि त्यासाठी जून 2019 ची अखेर नेमून दिली. म्हणजे एक्सपीची मुदत सरल्यास तोवर पाच वर्षे उलटून गेली होती.

जमाखर्चाच्या 'टॅली'ची रीत निराळी आहे. श्यामसुंदर गोयंका यांस आपल्या व्यवसायाच्या हिशेबासाठी मनाजोगती प्रणाली मिळेना, म्हणून त्यांचे पुत्र भरत यांनी ती रचली. 1986 पासून हा उद्योग उभा आहे. येथे परवाना कायमचा, परंतु नव्या सुधारणांसाठी वार्षिक वर्गणी. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा या वर्गणीचे मोल खेडोपाडीच्या दुकानदारांस प्रथमच उमगले असावे. कारण कायदा बदलला, की अचूक चालणारा जुना हिशेबही निरुपयोगी ठरतो.

दुरुस्तीसाठी पैसे मोजणे हा मला अन्याय वाटत नाही. मुदत न सांगता विकणे हा मात्र निश्चित वाटतो. विंडोज 10 साठी मुदतवाढ मागणाऱ्या उद्योगांस पहिल्या वर्षी जो दर, त्याच्या दुप्पट दुसऱ्या वर्षी आणि चौपट तिसऱ्या वर्षी भरावा लागतो. विलंबाचे हे व्याज कोणत्याही सावकारास लाजवील. म्हणून नव्या वर्षाच्या चोपडीत पहिल्याच पानावर आवृत्तीचे नाव, मुदतीची तारीख आणि विक्रेत्याची जबाबदारी यांची नोंद करावी, आणि आपला सारा हिशेब अन्य प्रणालीत नेण्याची सोय आहे की नाही, हे पैसे देण्याआधीच लेखी घ्यावे.