टाचणीच्या टोकाएवढी जखम

जेसीबीची बकेट कठीण मुरमात घुसते ती तेलाच्या जोरावर. इंजिन पंप फिरवतं, पंप तेल दाबतो आणि ते तेल होजमधून सिलिंडरपर्यंत पोचून लोखंडी दांडा ढकलतं. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब असतो दोन-सव्वादोन बार. जेसीबीच्या होजमधला दाब २५० बारपर्यंत चढतो, मोठ्या पोकलेनमध्ये ३५०च्या घरात.

होजच्या रबरात पोलादी तारांची वीण असते. घासून, वाकून तिच्यातली एखादी तार तुटते आणि तिथे बारीकसं छिद्र पडतं. २५० बार दाबाचं तेल त्यातून किती वेगाने सुटेल? हिशेब मांडला तर उत्तर येतं, सेकंदाला सुमारे २४० मीटर, म्हणजे ताशी साडेआठशे किलोमीटरहून जास्त! धार इतकी बारीक की दिसलं तर नुसतं धुकं दिसतं. मग तेल नेमकं कुठून येतंय हे चाचपायला ऑपरेटरचा हात होजवर जातो. माणसाची कातडी भेदायला सात बारच्या आसपासचा दाब पुरतो. साधा हातमोजाही ही धार अडवू शकत नाही.

धार आत घुसते त्या क्षणी फारसं दुखतही नाही. काहीतरी टोचल्यासारखं वाटतं, रक्ताचा एखादा थेंब येतो, कधी तोही नाही. हात पुसून माणूस पुन्हा कामाला लागतो. नवल पुढेच आहे. ज्या रचनेमुळे आपली बोटं इतकी चपळ, तिच्याच वाटेने तेल आत पसरतं.

बोट मिटणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच, ते असतात कोपराखाली, हाताच्या मांसल भागात. तिथून निघालेले लांब स्नायुबंध मनगटावरून बोटांच्या पेरांपर्यंत जातात. बोटात ते एका गुळगुळीत आवरणातून सरकतात, नेफ्यातून नाडी सरकावी तसे. आत घुसलेलं तेल हाडाला किंवा स्नायुबंधाला थडकतं आणि वाट मिळेल तिकडे पळतं. मधल्या तीन बोटांची आवरणं बहुधा तळव्याशीच संपतात. अंगठ्याचं आवरण मात्र मनगटापर्यंत जातं, करंगळीचंही बहुतेकांत तसंच असतं, आणि पुष्कळ जणांच्या मनगटात या दोन वाटा एकमेकींना मिळतात. त्यामुळे छिद्र अंगठ्याच्या टोकाला असलं तरी तेल मनगटात सापडू शकतं.

बोटाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य धमन्या त्याच्या दोन कडांनी जातात. बोटाची कातडी फारशी ताणली जात नाही. आत शिरलेलं तेल आणि त्यापाठोपाठ येणारी सूज यांनी या धमन्या आवळल्या जातात. तेलातली रसायनं पेशी जाळतात, मागून जंतुसंसर्गही येऊ शकतो. काही तासांनी बोट फुगतं, फिकट पडतं, ठणका असह्य होतो. अशा जखमेचं पहिलं वर्णन रीस नावाच्या डॉक्टरांनी १९३७ साली केलं. तेव्हा आत घुसलं होतं ते डिझेल इंजिनातलं इंधन. आजही उपाय मुख्यतः शस्त्रक्रियेचाच आहे. बोट उघडायचं, तेल धुऊन काढायचं, मेलेला भाग कापून टाकायचा. पहिले सहा तास फार मोलाचे, उशीर झाला की बोट गमावण्याचा धोका वाढतो.

म्हणून गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा लांबून फिरवून, डोळ्यांवर गॉगल लावून. इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला असंही नाही, कारण वर उचललेल्या बूमचं, म्हणजे बकेट पेलणाऱ्या लोखंडी हाताचं, वजन तेलाला दाबतच राहतं. आधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, मग लिव्हर हलवून उरलेला दाब सोडायचा.

आणि इतकं करूनही टोचलंच, तर दुखायची वाट न बघता हाताची शस्त्रक्रिया होते असं रुग्णालय गाठायचं. तिथे ‘थोडंसं टोचलंय’ एवढंच सांगितलं, तर मलमपट्टी करून घरी पाठवतील. कोणतं तेल, किती दाब, किती वाजता लागलं, या तीन गोष्टी पहिल्याच वाक्यात सांगायच्या.