इंची पाना, मिलिमीटरचा पाना

चौदाचा पाना नऊ-सोळाच्या नटावर चढत नाही. पंधराचा चढतो, पण जोर दिला की सटकतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. नऊ-सोळा म्हणजे इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले नऊ, मिलिमीटरमध्ये १४.२९. एवढ्याशा फरकापायी मी एकदा जीपचा एक नट असा गोल करून ठेवला, की शेवटी छिन्नी घेऊन तो कापावा लागला. तेव्हापासून एक शिकलो. जीप आणि फियाट एकाच आवारात खोलायला घेतल्या तर पान्यांच्या पेट्या दोन लागतात, त्या दोन कोपऱ्यांत ठेवाव्या लागतात आणि संध्याकाळी एकीतला पाना दुसरीत गेला नाही ना, हे पाहूनच कुलूप लावावं लागतं. अमेरिकेची जीप इंचात जन्मली, इटलीची फियाट मिलिमीटरमध्ये. दोघी मुंबईत वाढल्या तरी मापं माहेरचीच राहिली.

जुन्या गाड्यांची जोडी उभी करण्याचा नाद म्हटला की मुंबईचं हॉर्निमन सर्कल, तिथली व्हिंटेज गाड्यांची रॅली आणि चकाकणाऱ्या रोल्स-रॉइस डोळ्यांपुढे येतात. तो संस्थानिकांचा मामला झाला. यवतमाळहून धामणगावकडे जाताना लागणाऱ्या बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी अशी जोडी बांधायची तर ती महिंद्राची जीप आणि प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाट, यांचीच शोभते. जीप इथे आली ती सरकारी गाडी म्हणून. पुढे लिलावात निघाली आणि शेतात, जिनिंगवर, निवडणुकीच्या प्रचारात राबली. फियाट डॉक्टर, वकील आणि कापसाच्या व्यापाऱ्यांची. म्हणून एक बहुधा गोठ्यात पऱ्हाटीच्या ढिगाआड सापडते आणि दुसरी वाड्याच्या ओसरीला, मळक्या चादरीखाली.

फियाटचा इतिहास आधी सांगतो, कारण तो जास्त आपला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. जहाज, विमान आणि मोटार तिन्ही या देशात बनली पाहिजेत, असा ध्यास घेतलेला हा माणूस. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाटशी करार झाला. १९५४च्या सुमारास ‘अकराशे’ आली. तिच्या गोलमटोल आकारावरून मराठी माणसानं तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं आणि हे नाव कंपनीनं दिलेल्या कुठल्याही नावापेक्षा जास्त टिकलं. १९६४ला ‘अकराशे डी’ आली. लालबहादूर शास्त्रींनी बँकेचं कर्ज काढून घेतलेली गाडी याच घराण्यातली. १९७४पासून हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि थोड्याफार फरकानं २०००च्या सुमारापर्यंत बनत राहिली. प्रीमियरचे विनोद दोशी मराठी प्रायोगिक नाटकांचे आश्रयदाते होते. पुण्यातला त्यांच्या नावाचा नाट्यमहोत्सव अनेकांना ठाऊक असतो, त्यामागची मोटार ठाऊक नसते.

जीपची गोष्ट थोडक्यात. १९४५ला ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलादाच्या व्यापाराची कंपनी निघाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ला नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. विलीज जीपची सुरुवातीची जोडणी मुंबईत माझगावला होई. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. ते बॉनेट दिसायला बेढब आहे, पण त्याला कारण आहे. तिच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि झाकणालाही उंच व्हावं लागलं.

आता मूळ मुद्दा. जीपला चॅसिस आहे. लोखंडी शिडीसारखी चौकट, तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, पाटे आणि वर बोल्टांनी कसलेली पत्र्याची पेटी. दोन माणसं आणि एक चेनपुली असली तर दुपारपर्यंत बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. पेटी पार सडली असली तरी घाबरायचं कारण नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपच्या आख्ख्या बॉड्या नव्यानं बनतात. गाडीचा नंबर चॅसिसवर कोरलेला असतो, तो शाबूत तर जीप शाबूत. चॅसिसला पाट्यांच्या शॅकलजवळ तडे गेलेत का, तेवढं मात्र घासून, पुसून, उन्हात धरून पाहायचं.

पद्मिनीला चॅसिसच नाही. पत्रा हाच तिचा सांगाडा. दारांखालचे पोकळ पत्रे, फ्लोअर, छताचे खांब हे सगळं मिळून भार पेलतात. म्हणून गंज तिच्या रंगाला लागत नाही, हाडाला लागतो. विकत घेण्याआधी एक सोपी परीक्षा करावी. चारही दारं नीट उघडतात आणि लागतात ना, हे आधी पाहायचं. मग एका बाजूनं जॅक लावून गाडी उचलायची आणि त्याच बाजूचं दार पुन्हा उघडून बघायचं. दार अडकलं किंवा लागेनासं झालं, तर गाडी कमरेत वाकते आहे. रंग कितीही नवा असो, तिथून पाय काढावा.

दुसरी परीक्षा लोहचुंबकाची. दरवाज्यातला जुना चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचा. जिथे धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी आहे. आमच्याकडे डेंटर लोक लांबी भरण्यात फार वाकबगार. एवढे, की काही फियाटींच्या मडगार्डात पत्रा कमी आणि पुट्टी जास्त सापडते. चुंबकामुळे उगीच खोटी समजूत होऊ नये म्हणून वर हातोडीचीही साक्ष ऐकावी. लहान हातोडीनं टकटक केलं की धड पत्रा खणखणतो, सडका पत्रा बद्द वाजतो, जसं पिकलेलं आणि कच्चं टरबूज कानाला वेगळं लागतं.

सडका भाग कापायचा तेव्हा घाई नडते. आधी दारांच्या चौकटीत आडवा अँगल वेल्ड करून घ्यायचा, म्हणजे खालचा पत्रा काढल्यावर गाडी बसणार नाही. मग एका बाजूचं काम पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला कटर लावायचा नाही. नवा पत्रा कागदाच्या साच्यावरून कापायचा, कडा मुडपायच्या, थोड्या थोड्या अंतरावर टाके मारायचे आणि थंड होऊ द्यायचं. एकाच जागी सलग वेल्डिंग ओढलं की पातळ पत्रा पापडासारखा फुगतो. मग तो हातोडी-डॉलीनं बसवायला तीन दिवस जातात.

इथे विदर्भाचं ऊन कामी येतं. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या फियाटीचा पत्रा कुरतडलेला असतो. यवतमाळकडची गाडी तुलनेनं सुकी निघते. पण जे ऊन पत्रा वाचवतं तेच रबर खातं. काचेची बिडिंग, दारांची रबरं, पाण्याचे होज, टायर यातलं काहीच जुनं ठेवता येत नाही. शिवाय उंदीर. फियाटीच्या सीटमधला काथ्या आणि वायरिंगचं आवरण त्यांना सारखंच गोड लागतं. वायरिंग जोड देत बसू नये, सगळं नवं ओढावं. आणि रंगकाम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत लॅकर मारला की वर पांढुरकी साय येते आणि पुन्हा पॉलिश पेपर हाती घ्यावा लागतो.

इंजिनांत दोघींचे स्वभाव उघडे पडतात. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसी, सिलिंडरची रुंदी ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५. जीपचं सुमारे २,२०० सीसी, रुंदी ७९.४ आणि धाव तब्बल १११. फियाट शिलाई मशीनसारखी गुणगुणते, तर जीप लांब लांब ढांगा टाकत ओढते, बैलजोडीसारखी. जीपला हँडल मारून सुरू करणाऱ्यानं अंगठा मुठीच्या त्याच बाजूला ठेवावा ज्या बाजूला बाकीची बोटं. इंजिनानं उलटा झटका दिला तर अंगठ्यासकट मनगट जातं.

सिलिंडर झिजले असले तर बोअर करून घ्यावे लागतात आणि ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात. माप फियाटीचं मिलिमीटरच्या दशांशात, जीपचं इंचाच्या सहस्रांशात. लेथवाल्याला हे कागदावर लिहून द्यावं, तोंडी सांगू नये. व्हॉल्व्हची सीटही तपासून घ्यावी. या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असे आणि ते एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला गादीसारखं जपे. २०००पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. आता तर त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा मऊ करून टाकतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत पाणी ओढून घेतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालाव्यात आणि नादाच्या गाडीची टाकी भरून ठेवू नये हा जुना समज सोडावा. भरलेल्या टाकीत दमट हवेला जागाच उरत नाही. मात्र ते पेट्रोल वर्षभर तसंच पडू देऊ नये, गाडी फिरवून संपवावं.

मे महिन्यात आणखी एक गंमत होते. पारा ४५च्या आसपास असताना फियाट चढावर नाहीतर फाटकापाशी बंद पडते आणि सेल्फ कितीही मारा, दाद देत नाही. पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ झालेली असते. उपाय प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला माहीत आहे: पंपावर ओलं फडकं टाकायचं, झाडाखाली उभं राहायचं, एक पान जमवायचं. पान संपेपर्यंत गाडी सुरू होते.

तालुक्याच्या गावी हे काम जमेल का, असं शहरातले लोक विचारतात. माझं मत उलट आहे. नव्या गाडीच्या शोरूममध्ये पार्ट बदलणारे भेटतात, दुरुस्त करणारे नाहीत. तालुक्याच्या बाजारपेठेत ट्रॅक्टरचा मिस्त्री असतो, ट्रॉली बनवणारा वेल्डर असतो, लेथ असतो, बॅटरीवाला असतो, रेक्झिनच्या सीट शिवणारा असतो. पॉइंटचं अंतर बसच्या तिकिटानं नाही, फिलर गेजनं मोजायचं असतं, हे ज्याला ठाऊक आहे असा एक तरी म्हातारा डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, उघडून बसलेला दिसतोच. सुटे भाग मात्र बाहेरून आणावे लागतात. फियाटीचे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून मिळतात. मुंबईच्या टॅक्स्या मोडीत निघाल्या तेव्हा बराच माल बाजारात आला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून त्या रस्त्यावरून गेल्या.

आता एका गोष्टीबद्दल भांडण करतो. जीपमध्ये डिझेल इंजिन, रुंद टायर, छतावर दिव्यांची माळ, आणि फियाटीत जमिनीवरचा गिअर, एसी, बकेट सीट असं करून त्याला ‘रिस्टोअर’ म्हणणारे खूप भेटतात. करा, गाडी तुमची आहे. पण त्याला दुसरं नाव द्या. स्टिअरिंगखालचा गिअर आणि पुढे तिघं बसणारी सलग सीट काढली तर पद्मिनीत पद्मिनी ती काय उरली? एखादा पोचा, मीटरवरची पिवळी पडलेली काच, आधीच्या मालकानं डॅशबोर्डला चिकटवलेला कळंबचा चिंतामणी राहू द्यावा.

कागदांचं शेवटी लिहितोय, पण पाहायचे सर्वांत आधी. केंद्र सरकारनं २०२१मध्ये नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूप न बदललेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. बेंबळा धरणापर्यंत सहज चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणीच वेळोवेळी नूतन करून घ्यावी. पद्मिनी हे नाव १९७४चं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आता कुठे पन्नाशी ओलांडताहेत.

वाड्यातल्या पेटीत, आजोबांच्या सातबाऱ्यांच्या चळतीत एखादं जुनं आरसी बुक असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत ते फेकू नका. बाहेर काढा, त्यावरचा नंबर गोठ्यातल्या गाडीशी ताडून पाहा, आणि मग बघा गावातला तो म्हातारा मिस्त्री अजून दुकानावर बसतो का.