वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : सल्ला डॉक्टरांचा, पैशांची तयारी आपली

चेन्नईजवळच्या सिरुसेरीत, सिपकॉट आयटी पार्कला लागून असलेल्या शाखेत मी काम करते. आमचे बरेच खातेदार इथल्या कंपन्यांत नोकरी करणारे आहेत, आणि त्यांत सोलापूर, नागपूर, कोल्हापूरकडची मराठी मुलेमुलीही आहेत. गेल्या वर्षी त्यांतलाच एक तरुण मुदत ठेव मोडायला आला. "मॅडम, सोमवारी ऑपरेशन आहे," म्हणाला. कसले, असे विचारल्यावर आवाज खाली करून म्हणाला, "वजनाचं." कंपनीचा आरोग्य विमा होता, पण "हे कॉस्मेटिकमध्ये धरतात, पैसे मिळत नाहीत" असे मित्राने सांगितले होते. पॉलिसी त्याने स्वतः वाचलीच नव्हती.

हा गैरसमज फार जणांचा आहे. तो महागात पडतो, म्हणून हा लेख.

हा उपचार आहे, सौंदर्यासाठीचे ऑपरेशन नव्हे

लठ्ठपणा हा आजार आहे आणि तो आपल्या घरांत मोठ्या प्रमाणावर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) तमिळनाडूत 40 टक्के स्त्रिया आणि 37 टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. देशात हे प्रमाण अनुक्रमे 24 आणि 23 टक्के होते.

आहार, व्यायाम आणि औषधे यांनी वजन उतरत नाही आणि मधुमेहासारखे आजार वाढत जातात, तेव्हा डॉक्टर बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा विचार करतात. दोन प्रकार प्रचलित आहेत. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग काढून टाकतात. 'बायपास' प्रकारात जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत भूक कमी होते आणि थोड्या जेवणात पोट भरते. अनेक रुग्णांचा मधुमेहही आटोक्यात येतो. ही मोठी शस्त्रक्रिया आहे. टाक्यांतून गळती, रक्तस्राव, पित्ताशयात खडे असे धोके असतात आणि खाण्यापिण्याची पथ्ये जन्मभर पाळावी लागतात.

विमा कंपनी पैसे कधी देते?

विमा नियामक 'इर्डाई'ने 2019 मध्ये आरोग्य विम्यातील वगळलेल्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे कलम त्यात आहे. त्यानुसार पुढील सर्व अटी पूर्ण होत असतील, तर हा खर्च या कलमाखाली वगळला जात नाही :

1. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी.
2. ती मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार असावी.
3. रुग्णाचे वय 18 वर्षे पूर्ण असावे.
4. बीएमआय 40 किंवा अधिक असावा. किंवा बीएमआय 35 किंवा अधिक असून, वजन कमी करण्याचे सौम्य उपाय फसलेले असावेत आणि पुढीलपैकी एक गंभीर आजार असावा : लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या धमन्यांचा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला टाइप 2 मधुमेह.

बीएमआय काढणे सोपे आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उंची 165 सेंटिमीटर असेल, तर 35 चा बीएमआय सुमारे 95 किलोला येतो आणि 40 चा सुमारे 109 किलोला.

डॉक्टर 'हो' म्हणतात, विमा 'नाही' म्हणतो

भारतीयांना कमी वजनातच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. म्हणून आपल्याकडचे शल्यचिकित्सक बऱ्याच काळापासून खालची मर्यादा धरत आले आहेत : लठ्ठपणाशी निगडित आजार असल्यास बीएमआय 32.5 आणि नसल्यास 37.5. विम्याची मर्यादा मात्र 35 आणि 40 आहे.

वरच्याच उंचीचे उदाहरण घ्या. वजन 92 किलो आणि मधुमेह असेल, तर बीएमआय येतो साधारण 34. डॉक्टरांच्या निकषात तुम्ही बसता, विम्याच्या नाही. वजन 105 किलो आणि दुसरा आजार नसेल, तरी तेच. शिवाय उच्च रक्तदाब आणि गुडघेदुखी विम्याच्या त्या चार आजारांच्या यादीत नाहीत. "डॉक्टरांनी लिहून दिले म्हणजे विमा मिळणारच" हे म्हणूनच खरे नाही. आपण या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात असू, तर सगळा खर्च खिशातून होईल असे धरूनच नियोजन करावे.

पॉलिसीत आणखी काय पाहाल?

*प्रतीक्षा कालावधी.* आधीपासून असलेल्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त 36 महिने असू शकतो. ही मर्यादा एप्रिल 2024 पासून आहे, त्याआधी 48 महिने होती. ऑपरेशन ठरल्यावर घेतलेली पॉलिसी त्यामुळे उपयोगी पडत नाही.

*कंपनीची सामूहिक पॉलिसी.* तिच्या अटी वेगळ्या असतात. काहींत प्रतीक्षा कालावधी नसतो, काहींत या शस्त्रक्रियेसाठी वेगळी कमाल रक्कम ठरलेली असते. एचआर विभागाकडून पूर्ण पॉलिसीची प्रत मागून घ्या. नोकरी सुटली की हे छत्रही जाते, हेही ध्यानात असू द्या.

*खोलीभाड्याची मर्यादा.* समजा विमा रक्कम 3 लाख आहे आणि खोलीभाडे तिच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये मंजूर आहे. आपण 6,000 ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत भाड्याबरोबर डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्माच मंजूर होतो.

*खरी माहिती.* प्रस्ताव अर्जात वजन, मधुमेह, घेत असलेली औषधे काहीही लपवू नका. एजंट "लिहू नका" म्हणाला तरी सही आपली असते आणि दावा आपलाच अडकतो.

कागद आधी, तारीख नंतर

नियोजित शस्त्रक्रियेत सर्वांत मोठी सोय म्हणजे हाताशी असलेला वेळ. दाखल होण्यापूर्वी हे कागद गोळा करा : उंची, वजन आणि बीएमआय लिहिलेले डॉक्टरांचे पत्र, मधुमेह किंवा झोपेच्या तपासणीचे अहवाल, आणि आहारतज्ज्ञ व औषधोपचार यांच्या जुन्या नोंदी. 'सौम्य उपाय फसले' हे सिद्ध होते ते या नोंदींनीच, म्हणून जुन्या पावत्या फेकू नका. मग रुग्णालयाच्या विमा विभागामार्फत कॅशलेसची पूर्वमंजुरी मागा. 2024 च्या नियमानुसार विमा कंपनीने अशा अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा आहे. तोंडी "होऊन जाईल" यावर दाखल होऊ नका.

उरलेले पैसे कुठून आणाल?

*हाताशी तीन वर्षे असतील, तर आवर्ती ठेव.* दरमहा 7,500 रुपये 36 महिने, दर 6.5 टक्के धरला, तर 2,70,000 भरून सुमारे 2,98,000 रुपये हाती येतात.

*मुदत ठेव असेल, तर ती मोडण्याआधी तिच्यावर कर्ज घेता येते का पाहा.* बहुतेक बँका ठेवीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम, ठेवीच्या दरापेक्षा साधारण 1 ते 2 टक्के जास्त व्याजाने देतात. ठेव चालू राहते आणि मुदतपूर्व मोडण्याचा दंड वाचतो.

*वैयक्तिक कर्ज शेवटी.* 4 लाख रुपये, 14 टक्के व्याज, 48 महिने : हप्ता सुमारे 10,930 रुपये आणि एकूण व्याज जवळपास 1,25,000. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवणे याहूनही महाग.

करसवलतीचा हिशेबही नीट समजून घ्या. 60 वर्षांखालील व्यक्तीला वजावट मिळते ती जुन्या करप्रणालीत आणि विम्याच्या हप्त्यावर, ऑपरेशनच्या बिलावर नाही.

स्वस्त पॅकेजचा मोह

एप्रिल 2024 मध्ये चेन्नईच्या एका उपनगरात, खासगी रुग्णालयात याच शस्त्रक्रियेच्या वेळी एका तरुणाचा मृत्यू झाला आणि तमिळनाडू सरकारने चौकशी समिती नेमली. अशी घटना विरळ असते. तरीही बँकेची माणूस म्हणून एवढेच सांगेन की चार रुग्णालयांचे दर विचारताना आणखी चार प्रश्न विचारा. या शल्यचिकित्सकांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? अतिदक्षता विभाग आणि पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आहेत का? गुंतागुंत झाली तर पॅकेजबाहेरचा खर्च किती? नंतरच्या तपासण्या कोण करणार? अंदाजपत्रक लेखी घ्या. पैशांची अडचण असेल, तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा. चेन्नईच्या राजीव गांधी सरकारी रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया झालेल्या आहेत.

घरी आल्यावरही खर्च थांबत नाही. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, प्रथिनयुक्त आहार, ठरावीक काळाने रक्ततपासणी, आणि पहिले काही आठवडे बिनपगारी रजा लागली तर तीही. हा खर्च बहुतेक पॉलिसींत येत नाही किंवा थोड्याच दिवसांपुरता येतो. त्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढून ठेवा.

दावा नाकारला तर?

नकाराचे कारण कलमासह लेखी मागा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. चेन्नई, मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. इर्डाईच्या 'बिमा भरोसा' सेवेचा क्रमांक आहे 155255.

त्या तरुणाची गोष्ट अर्धी राहिली. मी त्याला ठेव मोडू दिली नाही, आधी पॉलिसी आणायला सांगितली. बीएमआय 37, तीन वर्षांपासून न आटोपणारा मधुमेह आणि आहारतज्ज्ञाच्या नोंदी, सगळे होते, फक्त एकत्र केलेले नव्हते. ऑपरेशन पंधरा दिवस पुढे गेले आणि बिलाचा मोठा भाग विम्याने दिला. उरलेल्यासाठी ठेवीवर कर्ज घेतले, ते तो फेडतो आहे. परवा पासबुक भरायला आला होता. "गोळ्यांसाठी दरमहा एक आवर्ती ठेव उघडून द्या," म्हणाला.

लक्षात ठेवा

- विम्याचे निकष : बीएमआय 40, किंवा 35 व सोबत ठरलेल्या चारपैकी एक आजार.
- डॉक्टरांचे आणि विम्याचे निकष वेगवेगळे असतात.
- पॉलिसी वाचा, पूर्वमंजुरी लेखी घ्या, मगच तारीख ठरवा.
- ठेव मोडण्याआधी ठेवीवरील कर्जाची चौकशी शाखेत करा.
- शस्त्रक्रियेनंतरच्या खर्चाची तरतूद आधीच करा.