प्राध्यापकाला शिकवायला कोण शिकवतो?

शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा बी.एड. करावे लागते. महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि त्यासोबत सेट, नेट किंवा पीएच.डी. पुरते. सेटच्या पहिल्या पेपरात 50 प्रश्न असतात आणि अभ्यासक्रमाचे घटक दहा. त्यातला फक्त एक घटक अध्यापनाचा, म्हणजे जेमतेम पाच प्रश्न. तेवढे सोडवून जालना, अंबड किंवा परतूरच्या महाविद्यालयात नवा सहायक प्राध्यापक फळ्यासमोर उभा राहतो. आपल्याला जसे शिकवले गेले तसेच तो शिकवू लागतो. बहुतेकदा ते म्हणजे नोट्स सांगणे.

जालना जिल्ह्यात ही उणीव जास्त बोचते. मंठा, जाफराबाद, भोकरदन, घनसावंगी या तालुक्यांतून एसटीने येणारी पुष्कळ मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. विज्ञान शाखेत अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंत पुस्तके इंग्रजीत असतात. कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. त्यांच्यासमोर उभा असलेला तरुण प्राध्यापक आपल्या संशोधनाच्या विषयात पक्का असतो, पण समोरच्याला नेमके कुठे अडले हे ओळखण्याचा सराव त्याला कोणी दिलेला नसतो. विषय येणे आणि विषय शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हे आपल्या उच्च शिक्षणाने अजून पुरते मनावर घेतलेले नाही.

तसे पाहिले तर या कामी भारत मागे नव्हता. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी देशभर अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात ती 48 होती. ब्रिटनमध्ये नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचा आग्रह धरणारा डिअरिंग समितीचा अहवाल 1997 चा, म्हणजे त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आला. नॉर्वेने तर 2019 मध्ये विद्यापीठीय शिक्षकांसाठी किमान 200 तासांचे अध्यापन-प्रशिक्षण नियमातच घातले.

जालन्याच्या प्राध्यापकांसाठी असे केंद्र साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आहे. स्टाफ कॉलेज, मग मानव संसाधन विकास केंद्र आणि 2023 पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र, अशी त्याची नावे बदलत गेली. प्राध्यापक मंडळी आजही ‘ओरिएंटेशनला गेलो होतो’ असेच म्हणतात.

अशा प्रशिक्षणात सर्वांत उपयोगी काय, असे विचारले तर सूक्ष्म अध्यापनाचे नाव आधी घ्यावे लागेल. 1963 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत घडली. भारतीय रूपात तिचे एक चक्र 36 मिनिटांचे असते: सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे सहकाऱ्यांचे अभिप्राय ऐकायचे, बारा मिनिटांत पाठ नव्याने आखायचा, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचे आणि पुन्हा सहा मिनिटे अभिप्राय. एका वेळी एकच कौशल्य हाती घ्यायचे, मग ते प्रश्न विचारणे असो, उदाहरण देणे असो की फलकलेखन. बी.एड.च्या विद्यार्थ्याला हे पाठ असते. पीएच.डी. झालेल्या माणसाला मात्र प्रश्न विचारून आपण उत्तराची वाटच पाहत नाही, हे अशा वेळी पहिल्यांदा कळते.

दुसरे शिकण्यासारखे म्हणजे वर्गाला बोलते करणे. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतः विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचे आणि शेवटी वर्गापुढे मांडायचे. याला पैसा लागत नाही, प्रोजेक्टरही लागत नाही. शेजाऱ्याशी मुले मराठीतच बोलतात, त्यामुळे इंग्रजी संज्ञेचा अर्थ आपोआप मोकळा होतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरील 225 अभ्यास एकत्र करून 2014 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे 34 टक्के विद्यार्थी नापास होत होते, मुलांना सहभागी करून घेणाऱ्या वर्गांत सुमारे 22 टक्के. ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा मुलगी कॉलेजात आली आहे, तिथे या फरकाचे मोल फार मोठे आहे.

मग अडते कुठे? एक तर वेळेत. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या बढतीसाठी 21 दिवसांचे ओरिएंटेशन लागते. ही बढती पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी आणि एम.फिल. वा पीएच.डी. नसेल तर सहा वर्षांनी मिळते. साहजिकच पुष्कळ जण ‘कॅस’ची, म्हणजे बढतीची, फाइल तयार करण्याच्या सुमारास प्रशिक्षणाला निघतात. तोवर शिकवण्याची सवय मुरलेली असते. नव्या प्राध्यापकांसाठी एका महिन्याचा ‘गुरुदक्षता’ हा कार्यक्रम आयोगाने 2019 मध्ये आखला. तो रुजू झाल्याबरोबर मिळाला तरच त्याचा अर्थ.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आज महाविद्यालयात नव्याने येणारा शिक्षक अनेकदा तासिका तत्त्वावर, म्हणजे ‘सीएचबी’वर असतो. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती, मानधन घेतलेल्या तासांचे, बढतीचा प्रश्नच नाही. ज्याला मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज, त्याच्या पदरात प्रशिक्षणाचा लाभ क्वचितच पडतो आणि त्याने बिनपगारी दिवस काढून शिकायला जावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. विद्यार्थ्यांना मात्र समोरचा शिक्षक कायम आहे की तासिकेवर, याने फरक पडत नाही. त्यांचे वर्ष तेच असते.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहण्याची गरज नाही. सत्र सुरू होण्याआधी आठवडाभराची कार्यशाळा घ्यावी, पहिल्या सत्रात एखाद्या जाणत्या प्राध्यापकाने नव्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून नंतर मोकळेपणाने बोलावे आणि सीएचबी शिक्षकांना त्या तासांचे मानधन द्यावे. नॅकच्या मूल्यांकनात शिक्षकांच्या प्रशिक्षणाची नोंद घेतली जातेच. प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मोजताना तासिकेवरच्या शिक्षकांनाही धरावे. आणि पालकांनी प्रवेश घेताना इमारत व निकाल पाहावेतच, पण नव्या शिक्षकांना तुम्ही पहिल्या वर्षी काय शिकवता, हेही प्राचार्यांना जरूर विचारावे.