लॅपटॉपमधील डिस्कची जोडी

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत या रंगाचे कारण खारट पाण्यात वाढणारे 'हॅलोआर्किया' हे सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. समजा, त्या दिवसांत एखाद्या शाळेने सरोवराची छायाचित्रे व नोंदी घेऊन लॅपटॉपवर ठेवल्या. डिस्क बिघडली तर नवी विकत मिळेल. तो जून महिना पुन्हा मिळणार नाही. मग मोठ्या संगणकांत वापरतात ती 'रेड' रचना लॅपटॉपमध्ये करता येईल का?

अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांचे एकच भांडार करायचे, ही 'रेड'ची कल्पना. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये ती या नावाने मांडली. तिचे तीन प्रकार आपण पाहू.

प्रकार ० मध्ये माहितीचे तुकडे दोन डिस्कवर वाटून लिहितात. वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सारेच जाते. प्रकार १ मध्ये दोन्ही डिस्कवर तीच माहिती असते. प्रकार ५ ला किमान तीन डिस्क लागतात. त्यात ताळ्याचा अंक लिहितात. एका डिस्कवर १ व दुसरीवर ० असेल, तर तिसरीवर १ लिहायचा, म्हणजे १ या अंकांची संख्या सम राहते. दुसरी डिस्क गेली तरी उरलेल्या १ आणि १ वरून हरवलेला अंक ० होता, हे कळते. प्रत्यक्षात ताळ्याचे अंक सर्व डिस्कवर आळीपाळीने लिहितात.

आता लॅपटॉपकडे वळू. बहुतेक लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असते. तिचे दोन भाग पाडून जोडी केली, तर डिस्कबरोबर दोन्ही भाग जातात. काही मोठ्या लॅपटॉपमध्ये मात्र दोन डिस्कची जागा असते. तेथे यंत्रणेत सोय असल्यास प्रकार ० किंवा १ करता येतो; लिनक्ससारख्या प्रणालीत ते सॉफ्टवेअरनेही साधते. तीन डिस्कची जागा क्वचितच असते, म्हणून प्रकार ५ जवळजवळ बादच होतो.

जोडीने सुरक्षितता किती वाढते? एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता १०० त ५ आहे, असे मानू. प्रकार ० मध्ये माहिती जाण्याची शक्यता १ − (०.९५ × ०.९५), म्हणजे सुमारे १०० त १० होते. प्रकार १ मध्ये, बिघडलेली डिस्क बदललीच नाही असे धरले तरी, ती ०.०५ × ०.०५, म्हणजे १०,००० त २५ एवढीच उरते.

पण या गुणाकारात एक गृहीत दडलेले आहे: एका डिस्कच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नाही. लॅपटॉपमध्ये दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात. लॅपटॉप पडला, भिजला किंवा चोरीला गेला, तर दोन्ही एकदमच जातात. चुकून पुसलेली फाईलही दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते.

तेव्हा 'रेड' काही लॅपटॉपमध्ये जमते. पण डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढ्यापुरतीच तिची मदत होते. नोंदी टिकवायच्या तर वेगळी प्रत वेगळ्या ठिकाणी हवी. एक प्रत लोणारला असेल, तर दुसरी बाहेरच्या डिस्कवर मेहकरला किंवा बुलढाण्याला ठेवावी. आणि महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांकडून ती उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.