दातांची कळ आणि सोरा

कैरीच्या चार फोडी तिखटमीठ लावून खाल्ल्या आणि वर माठातले गार पाणी प्यायले, की दातांतून एकदम कळ जाते. दात आंबले, असे आपण म्हणतो. ही कळ लवकरच थांबते. काही जणांना मात्र हा त्रास रोजचाच असतो. गार पाणी, गरम चहा, आंबट-गोड पदार्थ, इतकेच काय, तोंडाने आत घेतलेली थंड हवाही त्यांना सोसत नाही. असे का होते?

दात दगडासारखा भरीव दिसतो. पण तो तसा नसतो. हिरडीबाहेरच्या भागावर इनॅमलचे आवरण असते. आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तो हाच. त्याच्या आत डेंटीनचा थर आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा असतो. डेंटीनमध्ये गाभ्याकडून बाहेर जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिका असतात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या एक-दोन हजारांश इतकाच! एका चौरस मिलिमीटर जागेत अशा हजारो नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो.

इनॅमल झिजले, किंवा हिरडी मागे सरकून दाताचे मूळ उघडे पडले, की या नलिकांची तोंडे उघडी होतात. मग गार पाणी लागताच आतला द्रव हलतो आणि मज्जातंतू चेतवले जातात. स्वीडनमधील संशोधक मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० नंतरच्या दशकात प्रयोगांच्या आधारे हे स्पष्टीकरण मांडले.

अशा दातांसाठी मिळणाऱ्या टूथपेस्ट दोन रीतींनी काम करतात. पहिली रीत मज्जातंतूंना शांत करण्याची. त्यासाठी पोटॅशियम नायट्रेट वापरतात; त्याचे प्रमाण बहुधा ५ टक्के असते. हा पदार्थ म्हणजे बंदुकीच्या दारूतला सोराच! त्यातील पोटॅशियमचे आयन नलिकांतून आत झिरपतात व मज्जातंतू सहजासहजी चेतत नाहीत, असे मानले जाते. दुसरी रीत नलिकांची तोंडे बुजवण्याची. हे काम स्टॅनस फ्लुओराइड, किंवा आर्जिनिन व कॅल्शियम कार्बोनेट यांची जोडी करते.

म्हणून पेस्ट घेताना जाहिरातीवर न जाता वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. वरीलपैकी एखादा पदार्थ आणि शिवाय फ्लुओराइड आहे ना, ते पाहावे. दात शुभ्र करणाऱ्या खरखरीत पेस्ट, राखुंडी आणि मशेरी टाळावी. त्यांनी उघडे डेंटीन आणखी झिजते. मशेरीत तर तंबाखूही असते. सोऱ्याच्या पेस्टचा गुण एका दिवसात येत नाही. मऊ ब्रशने, जोर न लावता, दिवसातून दोनदा असे दोन ते चार आठवडे दात घासावे लागतात. बारा वर्षांखालील मुलांनी ती दंतवैद्यांना विचारूनच वापरावी.

आंबट खाल्ल्यावर मात्र लगेच दात घासू नयेत. आम्लामुळे इनॅमल काही वेळ मऊ पडलेले असते. खळखळून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने घासावेत.

एक गोष्ट विसरू नये. कळ ही दाताने दिलेली सूचना असते. एकाच दातातून कळ येत असेल, पाणी गिळल्यावरही ती बराच वेळ राहत असेल, किंवा रात्री दात ठणकत असेल, तर तो किडलेला वा तडकलेला असण्याचा संभव असतो. तेथे पेस्ट बदलत बसण्यात दिवस जातात आणि कीड आत पोखरत राहते. अशा वेळी दंतवैद्यांकडेच जावे.

आज आपल्या घरातील टूथपेस्टच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचून पाहा. सोरा सापडतो का?